रामोजीची चौकी आणि आपलं नाक

सुमाक्का,

"नाकानं कधी कुणी मरतं का?" तू गेल्यापासून हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. नऊ जणांना मी मान हलवून सोडून दिलं. दहावे होते भावोजींच्या जुन्या ऑफिसातले, केळ्यांचा घड घेऊन भेटायला आलेले. त्यांना म्हणालो, "मरतं. आणि मरेपर्यंत तीस वर्षं तोंडानं श्वास घेतं, तेही सांगू का?" ते केळी ठेवून निघाले. कॉफीसुद्धा घेतली नाही. तू असतीस तर मला स्वयंपाकघरात ओढून नेलं असतंस. "पाप रे, बिचारे! केळी आणलेल्या माणसावर कोण ओरडतं?"

मी ओरडतो. सध्या सगळ्यांवर ओरडतो. बावन्नाव्या वर्षी हा नवा गुण लागलाय मला.

दुसरं एक वाक्य त्याहून वाईट. ते बायका हळू आवाजात म्हणतात: "किती ती औषधं, किती ते फवारे. त्यानंच गेली." त्यांना मी डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलेलं जसंच्या तसं ऐकवतो. साधी सर्दी झाली. तीन दिवस नाकात राहिली, चौथ्या दिवशी सकाळी छातीत उतरली आणि दमा असा चढला की दुपारपर्यंत कुणाच्या हातात काही उरलं नाही. नाक आणि छाती हा एकच रस्ता आहे. औषधांनी तू गेली नाहीस. इतकी वर्षं राहिलीस ती औषधांनी. हे मी आता पाठ केलंय, आणि कुणी विचारलं नाही तरी म्हणून दाखवतो.

पाठ करणं हे माझं घरातलं कामच आहे म्हणा. बाबांच्या मागून रामोजीची गोष्ट सांगायचा मान माझ्याकडे आला. कारण काय, तर बाकीच्या भावंडांना चार वाक्यं सलग मराठीत बोलता येत नाहीत, तिसऱ्यालाच कन्नड सुरू होतं. मला पाच येतात. एवढ्या भांडवलावर मी घराण्याचा कथेकरी.

गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तरी सांगतो. आपला खापर-खापर पणजा रामोजी, म्हैसूरच्या फौजेतला शिपाई. नदीकाठच्या एका चौकीवर त्याला उभं केलं आणि हुकूम दिला: निरोप येईपर्यंत आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. लढाई संपली. फौज घरी गेली. निरोप सांगणारा स्वार मात्र वाटेत कुठं पडला की विसरला, देव जाणे. रामोजी उभाच. त्यानं दूधवाला अडवला, वरात परत पाठवली, देवळाचा पुजारी तीन दिवस नदीपलीकडे ठेवला. शेवटी धाकटा भाऊ सांगायला आला, "दादा, लढाई संपली." रामोजीला वाटलं, हा शत्रूचा डाव. भावाला धरून चिंचेला बांधून ठेवलं. आणि म्हातारा होऊन त्याच चौकीवर उभ्याउभ्या गेला. तलवार मुठीतून सोडवावी लागली म्हणतात. तीच बाबांच्या थोरल्या भावाकडे, तुझ्या तात्यांच्या देवघरात आहे.

ही आपली शौर्यकथा. आयुधपूजेला सांगायची आणि घरातलं माणूस गेलं की तेराव्याला सांगायची. तलवारीपुढे सांब्राणीचा धूर करायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, आणि गोष्ट संपेपर्यंत आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. चौकीचा हुकूम! म्हैसुरात आयुधपूजेला लोक स्कूटर धुऊन हार घालतात, पेढे वाटतात. आपण वीस माणसं एका खोलीत धुरात कोंडून घेतो. असं दुसरं कोणतंही घर मला माहीत नाही.

आणि त्या खोलीत तू.

ते वर्ष मला आठवायचं नाही, म्हणून रोज आठवतं. मी नवीन कथेकरी, अंगात उत्साह, दुधवाल्याचा कन्नडमधला संवाद मी स्वतः रचलेला. लोक हसत होते. तू मागच्या भिंतीशी पदर नाकाला लावून बसली होतीस. मला दिसत होतं. आवरतं घ्यावं असं एकदा मनात आलंही. पण वरात अजून यायची होती, आणि वरातीला हमखास हशा मिळतो. मी वरात आणली. तिच्यात वाजंत्रीवाले घातले. तू उठलीस, माणसांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत गेलीस आणि कडी काढून दार उघडलंस. तात्या ओरडले, "शिपायाच्या घरात जन्मून धुराला भ्यालीस? माझी मुलगी म्हणवतेस?" तू उंबऱ्याबाहेर वाकून श्वास घेत होतीस. काय वाट्टेल ते झालं तरी उलट बोलणारी तू, त्या दिवशी बोलायलाही तुझ्यात हवा नव्हती.

पुढची वीस वर्षं मी तो प्रसंग लग्नाकार्यात सांगत आलो. "रामोजीची चौकी आजवर एकदाच फुटली, आणि तीसुद्धा आतून!" प्रत्येक वेळी हशा. तूही हसायचीस. दर आयुधपूजेला बाहेर व्हरांड्यात एकटी खुर्ची टाकून बसायचीस, आणि आतून ऐकू येणाऱ्या गोष्टीत माझं काही चुकलं की खिडकी वाजवायचीस. माफी मागायची राहिली. राहिली काय, मी मागितली नाही. माफी मागितली असती तर माझा एक चांगला विनोद गेला असता. घे, असा मी.

मग माझंच नाक बंद झालं. देवाला हिशेब बरोबर कळतो असं नाही म्हणणार मी, देवाला कशाला यात ओढा. पण दोन वर्षं मला कशाचाच वास येत नव्हता. हेब्बाळला आमच्या कारखान्यात एकदा रबर जळालं. सगळे तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले, मी आपला जागेवर बसून गॅस्केट तपासत होतो. सुपरवायझर आत येऊन म्हणाला, "सर, येंथा धैर्य!" दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, हार घातला. हाराचाही वास आला नाही. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की खोकला लागला. "शोभतोस हं. कळत नाही म्हणून न हलणारा. अगदी रामोजीचं रक्त!"

ऑपरेशन झालं, नाकातून निघालेलं ते द्राक्षांच्या घडासारखं काहीतरी डॉक्टरांनी तपासायला पाठवलं, आणि ते आलं नेमकं नजरबादला तुझ्याच लॅबमध्ये. तू त्याला मेणात बसवलंस, कागदाहून पातळ काप काढलेस, रंगवलंस. भावाचं नाक स्वतःच्या हातानं कापणारी बहीण! मला रविवारी बोलावून घेतलंस.

"ये. डोळे लाव. अरे, चष्मा काढ अगोदर. काय दिसतंय?"

"चुरमुरे."

"हुच्चा, वेड्या! नीट बघ. गुलाबी ठिपके?"

"आहेत."

"मोज."

"कशाला?"

"मोज म्हणते ना."

चाळीसपर्यंत मोजून मी सोडून दिलं. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, जशी मी चौथीत असताना मारायचीस.

"ते शिपाई. इओसिनोफिल म्हणतात. हा गुलाबी रंग पितात म्हणून गुलाबी फेटेवाले दिसतात. प्रत्येकाच्या आत केंद्रकाच्या दोन पाळ्या, चष्मा घातल्यासारख्या. दिसल्या? आणि हे दाणे म्हणजे दारूगोळा. यांचं खरं काम काय, माहितंय? पोटातल्या जंतांशी लढायचं. तुझ्या नाकात जंत आहेत का?"

"नसावेत, अक्का."

"मग हे कुणाशी लढतायत?"

मी पुन्हा डोळे लावले. अख्खं गुलाबी रान. शत्रू कुठंच नाही.

"कुणाशी नाही," तूच म्हणालीस. "दारूगोळा हातात आहे, तो कुठंतरी ओतायला हवा. मग आपल्याच भिंतीवर ओततात. भिंत सुजते, पाणी धरते, लोंबायला लागते. तेच तुझं द्राक्ष. इतकी वर्षं तू जंतू मारायच्या गोळ्या खाल्ल्यास, मीही खाल्ल्या. चोरच नव्हता रे घरात. पहारेकऱ्यांनीच घर मोडलं." मग मान वाकडी करून, "रामोजी! तुझ्या नाकात रामोजीची पूर्ण पलटण उतरलीय, बाबू. माझ्या नाकात तीस वर्षांपासून आहे."

तिथंच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हणालो, रामोजीला आजार म्हणू नकोस. तो हुकुमाला जागला. तू म्हणालीस, भावाला झाडाला बांधणाऱ्याला काय म्हणायचं मग? मी म्हणालो, निरोप पोचला नाही, यात शिपायाचा काय दोष? आणि तू, जिनं ते शिपाई काचेवर हजारोंनी पाहिलेत, त्यांच्या बाजूनं बोललीस. "दोष नाहीच. मी कुठं दोष म्हणते? तुझ्या गोष्टीत एक निरोप यायचा राहिला. नाकात उलटं आहे. तिथं खोटा निरोप रोज येतो. हे नाकाचं अस्तर आहे ना, ते जरा धूर लागला, धूळ लागली, सर्दी झाली की घंटा वाजवतं. शत्रू आला, या. आणि घंटेला सवय लागते. जुनी लढाई त्या अस्तराला आठवत राहते म्हणे, नवीन पेशी आल्या तरी. म्हणून शिपायांना मारून भागत नाही. घंटा शांत करावी लागते. रोज. मीठ-पाण्यानं धू, फवारा मार, रोज."

"किती दिवस?"

"जेवतोस किती दिवस?"

चार महिने मी ऐकलं. मग नाक मोकळं झालं, कॉफीचा वास आला, आणि मी ठरवलं की आता शिपायाच्या वंशजाला फवारा कशाला. वर्षाच्या आत द्राक्षं परत. तुला सांगायची लाज वाटली म्हणून सहा महिने तुला टाळलं, मग भेटल्यावर तोंड मिटून बोलायचा प्रयत्न केला. तू पहिल्याच मिनिटाला म्हणालीस, "बंद केलास ना?" विजयनगरातल्या माझ्या घरात रोज सकाळी सहाला ते मीठ-पाणी सुरू झालं ते तेव्हापासून. शेजारच्या बाई बरेच दिवस समजत होत्या, आमचा कुकर बिघडलाय.

तुझे ते चार दिवस मला हवेत, अक्का. बाकी सगळं ने. डॉक्टरांनी तुला मोठ्या औषधाचा छोटा कोर्स दिला होता आणि बारा वर्षांनी तुझं नाक उघडलं. भर दुपारी तुझा फोन. मला वाटलं कुणीतरी गेलं. तू रडत होतीस. "बाबू, कापी! कापीचा वास आला रे!" मी कारखान्यातून अर्धी रजा टाकून आलो. घरभर तू हुंगत फिरत होतीस. कोथिंबीर, भावोजींचा शर्ट, वर्तमानपत्र, मेघनाचे केस. ती तेव्हा कॉलेजात होती, लाजून म्हणाली, "आई, साकु! पुरे!" मग तू मला गल्लीच्या तोंडाशी नेलंस, गटारापाशी, डोळे मिटलेस आणि भरून श्वास घेतलास. "किती घाण येतेय, नाही?" म्हणालीस. इतक्या आनंदानं कुणी घाण म्हटलेलं मी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी सगळं पुन्हा गेलं. ते औषध रोज घेण्यासारखं नसतं हे तुला ठाऊक होतं. तू कुरकुरली नाहीस. "चार दिवस आले म्हणजे वाट आहे," एवढंच.

आता तेरावा.

तात्यांच्या घरी सगळे जमले होते. शहाऐंशी वर्षांचा बाप मुलीच्या तेराव्याला पांढरं धोतर नेसून ताठ बसलेला, समोर तलवार, तिच्या बाजूला तुझा फोटो. लॅबच्या कोटातला. निखारे फुललेले, सांब्राणी वाटीत तयार. मला कळेना, ही खोली जिच्यासाठी भरलीय तिला या खोलीत कधी बसता आलं नव्हतं, हे कुणालाच कसं आठवत नाही?

तेवढ्यात मेघना आली. तुझी मुलगी, सव्वीस वर्षांची, कंपनीच्या बसमधून तशीच उतरून आली होती. दोन वर्षांपासून तिलाही वास येत नाही, हे तू मला सांगितलं होतंस. तिच्या छातीतली शिट्टी मी स्वतः ऐकलीय. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, मी आत बसते. आईसाठी. अगोदर दोन पफ घेतले, मॅनेज होतं." आणि निळा पंप पर्समध्ये ठेवून भिंतीशी जाऊन बसली. मागच्या भिंतीशी. पदर नाकाला.

अक्का, जागा तीच.

तात्यांनी निखाऱ्यावर चिमूट सोडली, धूर उठला, धाकट्या काकांनी कडी लावली. "हं बाबू, सुरू कर." मी उठलो. कडी काढली. दार सताड उघडलं, आणि परत लागू नये म्हणून त्याला भावोजींनी आणलेल्या केळ्यांची टोपली लावली. मग धुपाटणं उचललं, अंगणात नेलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फार मोठा आवाज झाला. मला वाटलं होतं हे सगळं रुबाबात होईल. पण हाताला चटका बसला आणि मी एका पायावर नाचलो. त्यातही कुणी हसलं नाही, यावरून परिस्थिती ओळख.

"गोष्ट दार लावून सांगायची असते," तात्या म्हणाले. हळू म्हणाले, म्हणून जास्त भीती वाटली.

"आजपासून उघडं ठेवून सांगायची, तात्या."

"तू कोण ठरवणारा?"

"सांगणारा मीच ना? दुसऱ्या कुणाला येत असेल तर त्यानं सांगावी."

कुणी पुढे आलं नाही. मराठीची पाच वाक्यं शेवटी अशी कामाला आली.

मी सांगितली. चौकी, हुकूम, दूधवाला. वरात आणली, पण तिच्यात वाजंत्रीवाले नव्हते. भावाला चिंचेला बांधलं. आणि जिथं रामोजी म्हातारा होतो तिथं मी वळलो. म्हणालो, तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याची थोरली बहीण आली. रामोजी गरजला, "कोण आहे?"

"मी."

"खूण सांग!"

"खूण कसली मागतोस? लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. लढाई संपली. तलवार ठेव, जेवायला चल."

अक्का, रामोजीनं तलवार ठेवली. बहिणीनं धाकट्या भावाला झाडापासून सोडवलं आणि तिघं घरी जेवली. पण एवढ्यानं भागलं नाही. तू सांगितलेलं मी विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे रामोजीच्या कानात पुन्हा घंटा वाजली आणि तो सवयीनं पुन्हा चौकीवर जाऊन उभा राहिला. बहीण पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती कंटाळली नाही, त्याला वेडा म्हणाली नाही. रोज सकाळी जायची आणि सांगायची, लढाई संपली, चल. अशी तिनं त्याला आयुष्यभर घरी आणलं.

मग मागच्या भिंतीशी मेघनानं पदर खाली घेतला. "मामा, आणि ती गेल्यावर? मग कोण जाणार सांगायला?"

हे मी ठरवून आलो नव्हतो. शेवट तिनं माझ्याकडून काढून घेतला.

"धाकटा भाऊ," मी म्हणालो. "त्याला झाडापासून सोडवलं होतं ना तिनं."

तात्या तलवारीकडे बघत होते. मला वाटलं आता मला चौकीबाहेर काढतात. मग त्यांनी विचारलं, "ही बहीण कुठं होती रे, इतकी वर्षं? आम्हाला कुणी सांगितली नाही."

"व्हरांड्यात होती, तात्या. खिडकी वाजवत होती."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मग नाक पुसलं. आपल्या घराण्यात शिपायाचं नाक वाहत नाही असं हाच माणूस आम्हाला शिकवायचा.

"खिडकीपण उघड," म्हणाले.

मी उघडली. ती इतकी वर्षं बंद होती की दोघांना मिळून ढकलावी लागली.

रामोजीबद्दलचं भांडण मी अजून सोडलेलं नाही, हे लक्षात ठेव. तो शूरच होता. तू आजारी म्हण, मी शूर म्हणतो, वर आलो की बोलू. पण लगेच येत नाही. तुझ्यामागे या नाकानं आपल्यातलं आणखी कुणी न्यायचं नाही, असं मी ठरवलंय. माझ्या ठरवण्याला काय किंमत आहे ते तुला माहीत आहे. चार महिन्यांत सोडणारा माणूस मी. म्हणून मी व्यवस्था केलीय. सकाळी सहाला माझं मीठ-पाणी झालं की मी मेघनाला फोन लावतो. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन डॉक्टरांकडे जातोय, वेळ घेतलीय. आज तिनं फोन उचलला, मी तोंड उघडायच्या आत जांभई देत म्हणाली, "मारला फवारा, मामा. लढाई संपली. ठेव आता."